वृंदावनामागचा खांब : छायाचित्रणविषयक प्रश्नोत्तरे

प्रश्न : गेल्या आषाढवारीत मी प्रथमच कॅमेरा घेऊन माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढलो. दिवसभरात जवळपास नऊशे फोटो काढले, पण घरी येऊन पाहिले तर बहुतेकांत नुसती गर्दीच दिसते. चौकटीचे तीन भाग करून विषय रेषेवर ठेवण्याचा नियमही मी पाळला होता. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका माउलींचा फोटो सोबत पाठवीत आहे. चुकते कुठे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण पाठविलेल्या फोटोत त्या माउलींचा चेहरा सुरेख टिपला गेला आहे. कपाळावरचा बुक्का, दातांत धरलेला पदराचा काठ आणि चढाची दमणूक असूनही डोळ्यांत असलेले समाधान, हे सारे त्यात आहे. मात्र वृंदावनाच्या बरोबर मागे विजेचा खांब आला असून तो तुळशीतूनच उगवल्यासारखा दिसतो, आणि उजव्या कडेला कुणाचा तरी अर्धा हात व निळ्या प्लास्टिकचा तुकडा डोकावतो. तिथे उभे असताना हा खांब आपल्याला बहुधा जाणवलाही नसेल, कारण प्रत्यक्ष पाहताना वृंदावन जवळ आणि खांब दूर हे अंतर मनाला आपोआप कळते आणि लक्ष तर चेहऱ्यावरच असते. कागदावर किंवा पडद्यावर मात्र ते अंतर पुसले जाते आणि दोन्ही वस्तू एकमेकींना चिकटतात.

यावरचा उपाय कॅमेऱ्याच्या कोणत्याही बटणात नसून आपल्या पायांत आहे. दोन पावले डावीकडे सरकला असता, तर खांब वृंदावनापासून सुटून बाजूला गेला असता. गुडघा टेकून खाली बसला असता, तर तुळस मोकळ्या आभाळावर उठून दिसली असती. चेहरा पाहून झाला की बटण दाबण्यापूर्वी एकदा चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवावी आणि नंतर विषयाच्या मागे काय आहे ते पाहावे. सुरुवातीला याला तीन-चार सेकंद लागतात आणि तेवढ्यात दिंडी पुढे जाते, म्हणून आधी पार्श्वभूमी निवडावी, तिथे थांबावे आणि माणसे त्या जागी येण्याची वाट पाहावी. दिवे घाटाचा रस्ता वळणावळणाचा असल्याने वरच्या एखाद्या वळणावर उभे राहिल्यास खालून येणारी दिंडी, तिच्या पताकांसह, एका सलग वाहत्या रेषेत दिसते. आपल्याला जी नुसती गर्दी वाटली, तिला तिथून आकार मिळतो.

तीन भागांच्या नियमाविषयी थोडे सांगतो. तो मुळात चित्रकलेतून आला. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने 1797 साली निसर्गदृश्यांतील उजेड-अंधाराच्या प्रमाणाबद्दल लिहिताना तो मांडला. नवख्या माणसाला विषय नेहमी मध्यभागी ठेवण्याची सवय असते, ती मोडण्यापुरता हा नियम फार उपयोगी आहे. पण चौकटीत नेमके काय घ्यायचे आणि काय वगळायचे, हे तो सांगत नाही. आपल्या फोटोत माउली अगदी रेषेवर आहेत आणि तरीही खांब आहेच. समोरून थेट आपल्याकडे पाहणारा चेहरा मध्यभागी ठेवावासा वाटला, तर खुशाल ठेवावा.

हातातले टाळ धूसर आले आहेत, कारण शटरचा वेग, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड येऊ देण्याचा वेळ, सेकंदाचा 1/40 होता. चालणाऱ्या माणसासाठी 1/250, वाजत्या टाळ-मृदंगासाठी 1/500 आणि रिंगणात धावणाऱ्या अश्वासाठी 1/1000 किंवा त्याहून जलद वेग ठेवावा. आषाढातल्या ढगाळ उजेडात त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, 800 किंवा 1600 पर्यंत न्यावा लागतो. त्यामुळे येणारे बारीक दाणे हललेल्या फोटोपेक्षा कितीतरी बरे.

आता नऊशे या आकड्याबद्दल. होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले होते. त्या वापरीत असलेल्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यात फिल्मची दोन पत्री असलेली पट्टी घालावी लागे. एक फोटो झाला की पट्टी उलटायची आणि दुसरा झाला की ती बदलायची. पंडित नेहरूंची, गांधीजींच्या अंत्ययात्रेची त्यांची छायाचित्रे पाहिली, की बटण दाबण्यापूर्वीच त्यांचा निर्णय किती पक्का झालेला असे, ते कळते. पुढच्या वारीत एका दिवसाला 36 फोटो, म्हणजे जुन्या एका रोलाइतकेच, असे बंधन आपण स्वतःवर घालून पाहावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे. आणि एक विनंती : वाटेत उघड्यावर आंघोळ करणाऱ्या किंवा दमून झोपलेल्या वारकऱ्यांवर, विशेषतः स्त्रियांवर, कॅमेरा रोखू नये. ती माणसे देवाला निघालेली असतात.

प्रश्न : मिठागरातल्या मिठाच्या राशी माझ्या फोटोत मळकट राखाडी येतात, पण भाताच्या खाचरातला बगळा मात्र चुन्याच्या डागासारखा येतो, त्याचे एकही पीस दिसत नाही. कॅमेरा बिघडला आहे का? (एक वाचक, पेण)

उत्तर : कॅमेरा बिघडलेला नाही. समोर मीठ आहे की कोळसा, हे त्यातल्या प्रकाशमापकाला कळत नाही; समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असेल असे तो गृहीत धरतो. मिठागरात चौकटभर पांढरेच असल्यामुळे त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो काळवंडतो. खाचरात उलट घडते. चौकटभर गडद हिरवे आणि त्यात एवढासा बगळा, म्हणून मापक हिरव्याला उजळवायला जातो आणि बगळा जळतो.

कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्ह असलेले बटण आहे. मिठाच्या राशींसाठी ते अधिक एकवर न्यावे आणि बगळ्यासाठी उणे एकवर. फोटो काढल्यावर पडद्यावर जळालेला भाग लुकलुकवून दाखविण्याची सोय असते, ती चालू ठेवून बगळ्याची पाठ लुकलुकते का ते पाहावे. लुकलुकत असेल तर आणखी थोडे उणे करावे. पांढरे एकदा पूर्ण जळाले की त्यातला तपशील कोणत्याही संगणकावर परत आणता येत नाही, आणि म्हणून बगळ्याच्या बाबतीत खाचर थोडे काळसर आले तरी चालेल.

प्रश्न : मी मोबाइलवर आजीचे फोटो काढते. आजी म्हणते, "हे नाक माझं नव्हे." चेहरा पिवळसर-हिरवाही दिसतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आजींचे म्हणणे अगदी बरोबर आहे. मोबाइलचे मुख्य भिंग रुंद दृश्य टिपणारे असते, त्यामुळे चेहरा चौकटभर यावा म्हणून आपण फार जवळ जाता. तेवढ्या जवळून नाक कानांच्या मानाने भिंगाला बरेच निकट असते आणि म्हणून ते मोठे दिसते. दीड-दोन मीटर मागे सरावे आणि दुप्पट झूम वापरावा.

रंगाचे कारण खोलीतल्या ट्यूबलाइटमध्ये आहे. खिडकीतला उजेड आणि ट्यूबचा उजेड यांचे रंग वेगळे असतात, आणि दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की मोबाइलला दोन्ही एकदम दुरुस्त करता येत नाहीत. दिवसा ट्यूब बंद करून आजींना थेट ऊन येत नसलेल्या खिडकीशी, खिडकी एका अंगाला येईल अशा बसवाव्यात. चेहरा किंचित खिडकीकडे वळू द्यावा. दुसरा गाल फार काळोखात गेला, तर त्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर धुतलेले पांढरे धोतर किंवा चादर टाकावी. तिच्यावरून परतलेला उजेड सुरकुत्यांना धक्का न लावता सावली हलकी करतो. पडद्यावर खिडकीकडच्या डोळ्यावर बोट टेकवून तिथे फोकस धरावा. आजींच्या हातात निवडायला भाजी किंवा वळायला वाती दिल्यास त्या कॅमेरा विसरतील. मग बोलत राहावे आणि त्या उत्तर देऊन पुन्हा कामाकडे वळतील त्या क्षणी बटण दाबावे.

प्रश्न : कॅमेऱ्यासोबत 18-55 चे लेन्स मिळाले आहे. नवीन कोणते घ्यावे? (एक वाचक, लातूर)

उत्तर : इतक्यात कोणतेही घेऊ नये. 18-55 हे आकडे मिलिमीटरमधले असून आकडा लहान तितके दृश्य रुंद दिसते. झूमचे कडे 35 वर चिकटपट्टीने बांधून महिनाभर तेवढ्यावरच काम करावे. महिन्याअखेरीस सतत मागे सरावे लागत असल्याचे लक्षात आले, तर आपल्याला अधिक रुंद लेन्सची गरज आहे. घरातल्या कमी उजेडात वारंवार अडत असेल, तर 50 मिलिमीटरचे एफ 1.8 (हा आकडा लहान तितका जास्त उजेड आत येतो) हे लेन्स घ्यावे, जे बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी असते. काहीच अडले नाही, तर ते पैसे एसटीच्या तिकिटासाठी ठेवावेत आणि पहाटेच्या उजेडात खरोसा लेणी पाहून यावीत.