इंदूरमध्ये १९९६ची अ‍ॅम्बॅसिडर १८०० घेऊन रोज वापरता येईल का? काय बिघडतं आणि वर्षाला खर्च किती येतो?

घेता येईल, पण बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकत बसू नका. गाडीखाली शिरा.

तुम्ही लिहिलंय की गाडी एका निवृत्त वकीलसाहेबांची आहे, इंजिन ‘एकदम मस्त’ आहे आणि ती रोज राजवाड्याजवळच्या दुकानापर्यंत न्यायची आहे. इंजिन मस्त असणारच. १८०० म्हणजे इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन, आणि ते बनायचं आपल्या शेजारी पीथमपूरला, हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात. गाडी तेवढी बंगालमध्ये उत्तरपाड्याला तयार व्हायची. त्यामुळे या इंजिनाची नस माहीत असलेले जुने मिस्त्री इंदूर-महूकडे अजून भेटतात. त्यातला कोणीही दोन मिनिटांत सांगेल, “भिया, इंजन तो मक्खन है.” खालच्या पत्र्याबद्दल मात्र विचारल्याशिवाय कोणी बोलत नाही.

आणि पैसा तिथेच जातो. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडी हीच चासी. गंज लागतो तो रनिंग बोर्डाच्या, म्हणजे दारांखालच्या पट्टीच्या, आतल्या बाजूला, पायाखालच्या फ्लोअरला, डिकीच्या तळाला आणि दारांच्या खालच्या कडांना. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी डॅशबोर्डमागून उतरतं, मॅटखाली साचतं आणि दिवाळीपर्यंत तिथेच मुरतं. म्हणून मॅट उचला आणि पेचकसाने फ्लोअर टोचून बघा. वकीलसाहेबांना राग आला तरी चालेल.

पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारवर, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी दांड्यांवर आहे. या बारांची मागची टोकं तळाच्या आडव्या क्रॉस मेंबरला धरलेली असतात. तो कुजला की गाडी पुढून बसते आणि विकणारा म्हणतो, शॉकअप बदलले की झालं. नाही होत. गंज झाकायला तळाला ताजं काळं अंडरकोटिंग फासलेलं दिसलं तर मी सरळ नमस्कार करून निघून येईन. फ्लोअर आणि रनिंग बोर्डाच्या कामाचे डेंटर आधी तीस-चाळीस हजार सांगतो, पण पत्रा कापायला घेतला की आतलं खरं रूप दिसतं. पूर्ण बॉडी रंगासकट करायची तर दीड-दोन लाख धरा, म्हणजे बहुधा गाडीच्या किमतीहून जास्त.

बाकी बिघाड त्रासाचे आहेत, महागाचे नाहीत. मे महिन्यात गरम होणं ही नेहमीची तक्रार. वर्षानुवर्षं बोरिंगचं जड पाणी घातल्यामुळे रेडिएटर आतून क्षाराने भरतो, त्यात कुठल्यातरी मिस्त्रीने थर्मोस्टॅट (पाण्याचा प्रवाह आवरणारी झडप) काढून टाकलेला असतो. रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे उघडून नळ्या साफ करून घ्या, थर्मोस्टॅट परत बसवा, कूलंट घाला. तेवढं केलंत तर खंडव्याकडे जाताना भेरूघाटात गाडी बाजूला घ्यावी लागणार नाही. भर उन्हात ट्रॅफिकमध्ये बंद पडली आणि थंड झाल्यावर निमूट चालू झाली, तर पेट्रोलची पाइपातच वाफ झालेली असते. इंजिनाजवळच्या इंधनपंपावर ओलं फडकं टाकायचं, हा जुना इलाज आजही चालतो.

पेट्रोलवरून आठवलं. आता पेट्रोल पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी होजपाइपांना आणि इंधनपंपाच्या डायफ्रामला (आतल्या पडद्याला) ते मानवत नाही, शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली असेल तर टाकीत गंज असणार आणि तो कार्ब्युरेटरमध्ये येणार. सगळे होज बदला, टाकी उतरवून धुवा, हे पहिल्याच आठवड्यात. उभ्या गाडीच्या ब्रेकचे व्हील सिलिंडरही गळतात, मागच्या चाकांच्या आतून ओल दिसते का ते बघा. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) दर हजार-दीड हजार किलोमीटरला ग्रीस हवंच. सर्व्हिसिंग सेंटरवाले ते विसरतात, कारण आजच्या गाड्यांना ग्रीसचे निपलच नसतात.

उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद झाला, तरी नेहमी लागणारे सुटे भाग इंदूरच्या छोट्या ग्वालटोलीत विचारलं तर मिळतात. काच, क्रोम, दारांची रबरं असल्या वस्तूंसाठी कलकत्त्याच्या मल्लिक बाजाराशी ओळख ठेवावी लागेल.

आता हिशेब. महिन्याला सहाशे किलोमीटर आणि शहरात लिटरला नऊ धरलं तर साधारण सदुसष्ट लिटर, म्हणजे सात हजारांचं पेट्रोल. विम्यात मात्र १८०० फसवते. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दराने १५०० सीसीवरच्या खाजगी गाडीला ७,८९७ रुपये आणि वर जीएसटी, तर त्याखालच्या गटाला ३,४१६. जुन्या १४८९ सीसीच्या अ‍ॅम्बॅसिडरवाल्याचे अर्ध्याहून जास्त पैसे वाचतात.   देखभालीला वर्षाला पंचवीस हजार बाजूला ठेवा, पीयूसी दर सहा महिन्यांनी. सगळं मिळून वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास, त्यातले दोन तृतीयांश निव्वळ पेट्रोलचे.

कागदांत एक गोष्ट नीट बघा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९६ची गाडी म्हणजे २०११, २०१६, २०२१ आणि आता २०२६. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला या नूतनीकरणाची फी दहा हजार झाली आहे, पूर्वी पाच होती, आणि उशीर झाला तर महिन्याला पाचशे वेगळे. ‘विंटेज म्हणून पास करून देतो’ असं एखादा एजंट म्हणाला तर सोडून द्या, त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते आणि ती रोज चालवताही येत नाही.

तेव्हा आरसी बघा, मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण वकीलसाहेबांच्या नावावरच होऊ द्या, ट्रान्सफर आणि पैसे त्यानंतर. तळ कोरडा आणि ठणठणीत निघाला तर किमतीत फार ओढाताण करू नका, तशा गाड्या आता कमी उरल्यात. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे राजवाड्याच्या गर्दीत पार्किंग करताना हात भरून येतील. आणि पावसाच्या पाण्याने तळ कुजू नये म्हणून जून ते सप्टेंबर दुकानावर जायला स्कूटर ठेवा.