घ्यायला येऊ का?

प्रिय वाचक,

तुमचे पत्र मिळाले. मे महिन्यात तुमचे लग्न आहे, आणि पुरुषाने ज्या गोष्टी कराव्यात असे तुम्हाला लहानपणापासून शिकवले गेले, त्यांवरूनच होणाऱ्या पत्नीशी खटके उडत आहेत. हॉटेलात तिने पाकीट काढले की तुम्ही "ठेव गं, शोभतं का?" म्हणून बिल स्वतःकडे ओढता, तिची कामाची पाळी रात्री अकराला सुटते तेव्हा कंपनीची गाडी असूनही तुम्ही हिंजवडीत फाटकाबाहेर दुचाकी घेऊन उभे राहता, आणि "रोज येऊ नकोस" असे तिने सांगितल्यावर तुम्ही तीन दिवस अबोला धरलात. बायकांना समानता हवी आणि बसमधली राखीव जागाही हवी, मग पुरुषाने वागायचे तरी कसे, असे तुम्ही विचारता.

राखीव जागेचे उत्तर सोपे आहे. गर्दीत बायकांना होणाऱ्या त्रासावर केलेली ती सार्वजनिक सोय आहे. ती तुम्ही किंवा मी दिलेली भेट नव्हे, त्यामुळे तिचा हिशेब वाग्दत्त वधूकडे मागता येणार नाही.

मला खटकला तो अबोला. रात्री न्यायला जाण्यात वाईट काहीच नाही, उलट त्यामागची काळजी खरी आहे. पण जी नाकारल्यावर देणाऱ्याला राग येतो ती मदत राहत नाही, तिची वसुली सुरू होते. दुकाने व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने स्त्रियांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम करण्याची वाट मोकळी केली, तेव्हा मालकाने संरक्षण आणि घरापर्यंत वाहन द्यावे ही अट घातली, पण त्याही आधी त्या स्त्रीची संमती आवश्यक ठरवली. कायद्याला जे सुचले ते प्रेमात पडलेल्या माणसाला सुचायला हरकत नसावी. शिवाय त्या गाडीत तिच्या मैत्रिणी असतील, दिवसभराच्या गप्पा तिथेच होत असतील.

बिलाचेही तसेच. ती कमावते, आणि तुम्हाला खाऊ घालण्यात तिलाही आनंद असू शकतो, हे तुमच्या लक्षातच आलेले दिसत नाही. सौजन्य मात्र सोडू नका. स्वारगेटला दोन जड पिशव्या घेऊन एसटीतून उतरणारी बाई असो की आजोबा, हात पुढे करावाच.

पत्राच्या शेवटी आईचे कौतुक करताना तुम्ही सहज लिहून गेला आहात की ती आजही सगळ्यांना वाढून मग एकटी जेवते. मला या सगळ्या प्रकरणात हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर ती कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि मुळात अशी कामे करणारे पुरुष चारांत जेमतेम एक होते. रात्री पावणेबाराला ती तुमच्या घरी परत येईल तेव्हा आमटी कोण गरम करणार, कामवाल्या मावशी आल्या नाहीत तर भांडी कोण घासणार, याबद्दल तुमच्या चार पानी पत्रात एक ओळही नाही. गाडीचे दार उघडून धरले तर चार लोक बघतात. ओट्याशी उभे राहिलेल्याला कोणी बघत नाही.

तेव्हा आजच तिला फोन करा, अबोल्याबद्दल माफी मागा आणि कोणत्या दिवशी घ्यायला यावे ते तिलाच ठरवू द्या. स्वयंपाकघराची वाटणी लग्नाआधी करा, आणि त्याविषयी आईशी तुम्ही स्वतः बोला. ते काम नव्या सुनेवर ढकलू नका. "लग्नाआधीच बायकोच्या ताटाखालचं मांजर झाला" असे एखादे काका म्हणतीलच, तेवढे ऐकून घेण्याची तयारी ठेवा.

तुमची,
ताई