वर्डप्रेसवर संघ सांभाळणारे प्लगइन स्वतः लिहावे का?

आपण विचारले आहे की, क्रीडा मंडळाच्या वर्डप्रेस (संकेतस्थळे चालवणारी प्रणाली) संकेतस्थळासाठी संघ, खेळाडू, सामने आणि गुणतालिका सांभाळणारे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) स्वतः लिहावे का, आणि लिहिलेच तर एकट्या माणसाला ते पुढे झेपते का. मी कोल्हापुरात राहतो आणि गेली काही वर्षे असे एक प्लगइन सांभाळतो आहे. आमच्या पेठेतील फुटबॉल संघासाठी ते लिहिले होते. आता आणखी काही मंडळे ते वापरतात. झेपते, असे माझे उत्तर आहे. मात्र आधी स्पोर्ट्सप्रेस हे मोफत मिळणारे प्लगइन आठवडाभर वापरून पाहावे. संघ, हंगाम, गुणतालिका हे सारे त्यात आहे आणि तेवढ्यात आपले काम भागत असेल, तर स्वतःचे लिहिण्याचा हट्ट धरू नये. मी लिहिले ते मैदानाच्या कडेला उभे राहून मोबाइलवरून निकाल भरता यावा आणि भरणाऱ्याला सगळे मराठीतच दिसावे, एवढ्यासाठी.

सर्वांत मोठी चूक मी पहिल्याच दिवशी केली. खेळाडूच्या नोंदीतच ‘संघ’ असा एक रकाना ठेवला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे हंगामापूर्वी खेळाडूंची नोंदणी होते आणि कोण कोणत्या तालमीकडून (येथील फुटबॉल संघ तालमींच्या नावाने खेळतात) खेळणार याची तेव्हा पेठापेठांतून चर्चा चालते, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. तरीही ते प्रोग्रॅममध्ये उतरवायचे सुचले नाही. पुढच्या हंगामात आमचा एक आघाडीचा खेळाडू दुसऱ्या संघात गेला. कार्यवाहांनी त्याच्या पानावरचा संघ बदलून ‘जतन करा’ दाबले, आणि त्याने आदल्या वर्षी आमच्यासाठी केलेले सगळे गोल त्या क्षणी नव्या संघाच्या खात्यावर जाऊन बसले. पेठेतून मला फोन आले, त्यांतील भाषा येथे देत नाही. खेळाडू संघाचा नसतो, तो एका हंगामापुरता संघाचा असतो. म्हणून खेळाडू, संघ आणि हंगाम या तिघांना जोडणारी वेगळी नोंद हवी आणि जर्सीचा क्रमांकही त्याच नोंदीत हवा. हे एक नीट बसवले की बाकीची बरीच दुखणी होत नाहीत.

वर्डप्रेसच्या २०१० मधील ३.० या आवृत्तीपासून स्वतःचे पोस्ट प्रकार (नोंदींचे स्वतंत्र प्रकार) सहज नोंदवता येतात. संघ आणि खेळाडू यांना स्वतंत्र पान, छायाचित्र आणि मजकूर लागतो, त्यामुळे त्यांच्यासाठी हा मार्ग योग्य आहे. गोल, कार्डे, बदली खेळाडू अशा घटना मात्र पोस्टमेटामध्ये (नोंदीला जोडलेल्या जादा माहितीच्या टेबलात) कोंबू नयेत; तेथे प्रत्येक मूल्य मजकूर म्हणून साठते आणि बेरीज-क्रमवारी करताना डेटाबेस धापा टाकू लागतो. त्यांच्यासाठी वेगळे टेबल करावे. ते डीबीडेल्टा या फंक्शनने तयार करताना ‘प्रायमरी की’ (प्रत्येक नोंदीची ओळख ठरवणारा रकाना) हे शब्द आणि त्यापुढचा कंस यांच्यामध्ये दोन स्पेस द्याव्या लागतात. एका स्पेससाठी माझी एक पूर्ण रात्र गेली आहे, म्हणून सांगून ठेवतो.

गुणतालिका साठवू नये. ती प्रत्येक वेळी निकालांवरून काढावी. सामना संपल्यावर शेकडो लोक एकदम पान उघडतात, त्या वेळेपुरती काढलेली तालिका ट्रान्झियंटमध्ये (वर्डप्रेसच्या तात्पुरत्या साठवणीत) ठेवावी आणि नवा निकाल जतन होताच ती पुसून टाकावी. विजयाला ३ आणि बरोबरीला १ गुण हा नियमही प्रोग्रॅममध्ये पक्का करू नये, तो हंगामाच्या नोंदीत ठेवावा. मंडळाचा उद्या कबड्डीचाही संघ असेल आणि तेथे हिशेब निराळा असतो. प्रो कबड्डीच्या अनेक हंगामांत विजयाला ५, बरोबरीला ३ आणि ७ किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्यालाही १ गुण मिळत असे. ‘पुढे चाल’ (समोरचा संघ न खेळल्याने मिळणारा विजय) हा निकाल तर वेगळाच ठेवावा लागतो. फुटबॉलमध्ये अशा सामन्याची नोंद सहसा ३-० अशी होते, परंतु ते तीन गोल कोणाही खेळाडूच्या नावावर पडता कामा नयेत.

आता मराठीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इंग्रजीतून प्लगइन शिकणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. वर्डप्रेस पोस्टच्या शीर्षकावरून पानाचा वेबपत्ता तयार करते आणि तो २०० चिन्हांवर कापते. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, मात्रा आणि अनुस्वार पत्त्यात नऊ चिन्हे खातो. म्हणजे जेमतेम २२ अक्षरचिन्हे बसतात. ‘पाटाकडील तालीम मंडळ विरुद्ध दिलबहार तालीम मंडळ’ असे शीर्षक दिले की पत्ता ‘विरु’पाशी तुटतो. पाटाकडील संघाच्या हंगामातील ज्या ज्या सामन्याचे शीर्षक त्याच्या नावाने सुरू होईल, त्या सर्वांचे पत्ते त्यामुळे सारखेच होतात आणि वर्डप्रेस त्यांना पुढे २, ३, ४ असे आकडे लावत बसते. सामन्याचा पत्ता त्याच्या क्रमांकावरूनच तयार करावा, हे बरे.

दुसरी अडचण ‘ऱ’ची आहे. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव एका कळफलकावर एकसंध ‘ऱ’ घेऊन लिहिले जाते, दुसऱ्यावर ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) मिळून, तर तिसऱ्यावर र, हलन्त आणि न दिसणारा जोडक मिळून. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात, डेटाबेसला मात्र ते निरनिराळे खेळाडू वाटू शकतात. पहिल्या दोहोंचा मेळ पीएचपी या वर्डप्रेसच्या प्रोग्रॅमिंग भाषेतील नॉर्मलायझरने (अक्षरांची रूपे एकसारखी करणाऱ्या सोयीने) बसतो. तिसऱ्यासाठी एक ओळ स्वतः लिहावी लागते. संघांच्या बाबतीत ‘पाटाकडील अ’, ‘पाटाकडील तालीम अ’, ‘पीटीएम अ’ अशी सगळी रूपे लोक लिहितात, म्हणून संघाचे नाव टाइप करू देऊच नये, यादीतून निवडायला लावावे.

वेळेचाही एक किस्सा आहे. शाहू स्टेडियमवरचा दुपारी ४ चा सामना आमच्या पानावर सकाळी १०:३० चा दिसू लागला, आणि काही हौशी मंडळी खरोखरच साडेदहाला जाऊन बंद दारापाशी उभी राहिली. मी वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवत होतो, दाखवताना साडेपाच तास मिळवायचे राहिले होते. वर्डप्रेस ५.३ पासून डब्ल्यूपी_डेट हे फंक्शन संकेतस्थळाच्या सेटिंगमधील वेळ पाहून हे काम करते. तेच वापरावे आणि सेटिंगमध्ये कोलकाता (तेथील यादीत भारतीय वेळेचे नाव) निवडले आहे ना, हे प्लगइनने सुरू होतानाच तपासावे.

देखभालीत नव्या सोयी थोड्या आणि इतरांनी केलेल्या बदलांचा पाठलाग जास्त असतो. वर्डप्रेसच्या मोठ्या आवृत्त्या येत राहतात. आपण प्लगइन अधिकृत भांडारात ठेवले आणि शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर ते तपासल्याची नोंद केली नाही, तर पानावर तशी सूचना झळकते. पीएचपी ८.२ आल्यावर माझ्या जुन्या क्लासमधील (प्रोग्रॅमच्या घटकातील) आधी जाहीर न करता वापरलेल्या गुणधर्मांवर इशाऱ्यांचा पाऊस पडला, आणि एका मंडळाच्या होस्टिंगवर इशारे पडद्यावर दाखवण्याची सोय चालू असल्याने ते सगळे गुणतालिकेच्या डोक्यावर छापून आले. तेव्हापासून मी तीन निरनिराळ्या पीएचपी आवृत्त्यांवर चाचणी केल्याशिवाय काहीही पाठवत नाही.

प्लगइन हटवल्यावर माहितीही पुसायची की नाही, हे वापरणाऱ्याला स्पष्ट विचारावे. माझी पहिली आवृत्ती गुपचूप सगळी टेबले पुसत असे. एका मंडळाच्या कार्यवाहांनी ‘अडकलंय, काढून परत घालतो’ म्हणून ते हटवले आणि हंगाम गेला, बॅकअप नव्हता. वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून आम्ही निकाल पुन्हा भरले, गोल करणाऱ्यांची नावे काही सामन्यांत शेवटपर्यंत सापडली नाहीत.

सुरक्षेसाठी नॉन्स (विनंती आपल्याच फॉर्ममधून आली हे पटवणारी तात्पुरती खूण), वापरकर्त्याच्या अधिकाराची तपासणी आणि प्रीपेअर करून (आतील मूल्ये निर्धोक करून) डेटाबेसला पाठवलेल्या क्वेरी या तीन गोष्टींत कसूर करू नये. कुमार गटातील मुलांच्या वयाचे पुरावे वर्डप्रेसच्या मीडियात कधीही ठेवू नयेत, कारण तेथील फाइल पत्ता माहीत असलेल्या कोणालाही उघडता येते. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि पालकांची संमती मागतो. जन्मतारीख ठेवायचीच असेल तर ती लोकांना दिसणाऱ्या पानावर येऊ देऊ नये.

वेळेचे विचाराल तर हंगाम नसताना मला महिन्याला एखादी संध्याकाळ पुरते, हंगामाच्या तोंडावर मात्र आठवडा जातो. लिहायला बसण्यापूर्वी आपल्या मंडळात निकाल नेमका कोण भरणार, ते ठरवून घ्या आणि त्या माणसाचा मोबाइल एकदा हातात घेऊन पाहा. आमचे निकाल भरणारे काका साठीचे आहेत, फोनची काच तडकलेली आहे आणि उन्हात पडदा दिसत नाही. त्यांच्यासाठी फॉर्ममधले अकरा रकाने कमी करून मी चारच ठेवले, तेव्हा कुठे निकाल त्याच संध्याकाळी येऊ लागले.