अमेरिकन फुटबॉलमध्ये पैसे घेऊन खेळणारा पहिला खेळाडू कोण?

विल्यम हेफेलफिंगर, 12 नोव्हेंबर 1892. त्या दिवशी अ‍ॅलेघेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशन या क्लबने एका सामन्यासाठी त्याच्या हातावर 500 डॉलर ठेवले, शिवाय प्रवासखर्चाचे 25. जुन्या लेखांत तुम्हाला जॉन ब्रॅलियरचं नाव सापडेल (1895, 10 डॉलर). 1960 च्या दशकापर्यंत सगळे तेच मानत होते.

अ‍ॅलेघेनी हे तेव्हा पिट्सबर्गपासून वेगळं, नदीपलीकडचं शहर होतं. पिट्सबर्ग अ‍ॅथलेटिक क्लब हा त्यांचा पक्का वैरी. 1892 च्या ऑक्टोबरात दोघांचा सामना 6-6 असा बरोबरीत सुटला आणि लगेच बोंब उठली की पिट्सबर्गने दुसऱ्याच नावाखाली पेन स्टेट कॉलेजच्या संघाच्या कर्णधाराला खेळवलं. तो आरोप खराच होता! परतीच्या सामन्यासाठी मग दोन्हीकडून तगड्या खेळाडूंची शोधाशोध सुरू झाली.

हेफेलफिंगर हा येल विद्यापीठाचा गार्ड, म्हणजे पुढच्या फळीत भिडणारा खेळाडू. 1888 मध्ये तो असलेल्या येल संघाने हंगामात 698 गुण केले आणि समोरच्यांना एकही गुण दिला नाही. आधी पिट्सबर्गनेच त्याला 250 डॉलर देऊ केल्याची बातमी पेपरात आली होती. गडी 500 वर अडून बसला. अ‍ॅलेघेनीने गुपचूप तेवढे मोजले.

सामन्याच्या दिवशी त्याला रिक्रिएशन पार्कवर पाहून पिट्सबर्गवाले भडकले. खेळायचंच नाही म्हणाले. मला याचं हसू येतं, कारण त्याच माणसाला विकत घ्यायला हे स्वतः गेले होते. शेवटी लोकांनी लावलेल्या पैजा रद्द झाल्या. वादात वेळ गेला, अंधार पडेल म्हणून 45 ऐवजी 30 मिनिटांचे दोन डाव ठरले. पहिल्याच डावात हेफेलफिंगरने प्रतिस्पर्ध्याच्या हातून सुटलेला चेंडू उचलला आणि धावत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेला. तेव्हा टचडाउनचे 4 गुण मिळत. सामना 4-0, तिथेच संपला म्हणा.

हे सगळं इतकी वर्षं झाकून राहिलं, कारण क्लब हौशी खेळाडूंचे होते आणि पैसे देणं उघड झालं तर कारवाई व्हायची. त्यामुळे पळवाटा निघायच्या: खेळाडूला बक्षीस म्हणून सोन्याचं घड्याळ द्यायचं, त्याने ते गहाण टाकायचं, क्लबने सोडवून आणून पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच द्यायचं. अ‍ॅलेघेनीच्या हिशेबनिसाने मात्र जमाखर्चात सरळ लिहून ठेवलं: हेफेलफिंगरला खेळल्याबद्दल रोख 500. ते पान आता ओहायोतल्या कँटन शहरात, प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम या संग्रहालयात आहे. माझ्या मते या कथेतला सगळ्यात उपयोगी माणूस तो हिशेबनीसच. त्याच हिशेबाप्रमाणे सामन्याचं उत्पन्न 1,683.50 डॉलर होतं आणि सगळं देऊन 621 डॉलर उरले, म्हणजे सौदा अजिबात महाग पडला नाही.

पुढच्याच आठवड्यात अ‍ॅलेघेनीने बेन डॉनेलीला 250 डॉलर देऊन वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेजविरुद्ध उतरवलं. तो सामना हरले, 8-0. चार वर्षांनी, हौशीपणाच्या नियमांवरून क्लब अडचणीत आल्यावर, त्यांनी लपवाछपवी सोडली. 1896 मध्ये हेफेलफिंगरसह सगळा संघ पैसे देऊन आणला, दोन सामने खेळले, दोन्ही जिंकले आणि संघ गुंडाळला.