धर्माची गाय आणि थँक्सगिव्हिंगची टर्की

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, दोन वर्षांपासून न्यू जर्सीत मुलाकडे असते. गेल्या नोव्हेंबरात सुनेबरोबर जवळच्या चर्चमध्ये थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे इथल्या कृतज्ञतेच्या सणाचा, शिधा गरजूंना वाटायला गेले होते. सुरुवातीला सगळ्यांना गोल उभं करून एकेकाला विचारलं, ‘तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात?’ मला काही सुचेना. ‘माय सन’ एवढंच म्हणाले. मग वाटप सुरू झालं. एका बाईनं माझा हात धरला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरीनं पिशवी ओढली आणि वर न बघता चालती झाली. पहिलीपुढे अवघडल्यासारखं झालं, दुसरीचा राग आला. राग आला याचीच आता लाज वाटते. यंदा सून पुन्हा बोलावतेय. त्यात आम्ही शाकाहारी आणि तिथे टर्की, या सणाला भाजून खातात तो कोंबडीसारखा मोठा पक्षी. जावं का?

उत्तर : राग आला हे तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, म्हणून हेच पत्र उचललं. माझं तर याच्यापुढे गेलं होतं.

२००९ सालची गोष्ट. इथल्याच एका चर्चचं तळघर, मी टर्कीच्या टेबलावर. बारा-बारा पौंडांचे गोठलेले पक्षी, निव्वळ दगड. हातमोजे घालूनही बोटं बधिर झालेली. साठीचे एक गृहस्थ आले, टर्कीकडे बघून हळूच म्हणाले, “याऐवजी दुसरं काही मिळेल का?” मी तोंडानं ‘सॉरी’ म्हटलं आणि मनात म्हटलं, धर्माची गाय आणि दात का नाय! टर्की त्यांच्या पिशवीत घातलीच. ते ‘थँक्यू’ म्हणाले, मला बरं वाटलं. तासाभरानं खोकी टाकायला बाहेर गेले, तर पार्किंगच्या कठड्यावर तीच टर्की. फेकलेली नव्हती हो. पिशवीला गाठ मारून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी नीट ठेवलेली.

वाटप सांभाळणाऱ्या बाईंना सांगितलं, तर त्यांना काही नवल वाटलं नाही. “मोटेलमध्ये राहत असतील,” म्हणाल्या. तिथे खोलीत मायक्रोवेव्ह, फार तर छोटा फ्रिज. एवढी टर्की फ्रिजमध्ये नुसती सुटायलाच जवळजवळ तीन दिवस लागतात, चार-पाच पौंडांना एक दिवस असा हिशोब. पुढे भाजायला ओव्हन हवा. म्हणजे मी त्या माणसाच्या हातात साडेपाच किलोचं ओझं दिलं होतं आणि वर त्याचे आभारही घेतले होते.

पुढच्या वर्षीपासून आमच्याकडे रांगेतच विचारतात : ओव्हन आहे का, घरात माणसं किती, डबे उघडायला कॅन ओपनर आहे का. ओव्हन नसेल त्याला कडी ओढून उघडणारे चिकनचे डबे, गरम पाणी घालून होणारे मॅश्ड पोटॅटो, ब्रेड. आणि वाटप आधीच्या शनिवारी. बुधवारी संध्याकाळी दिलेली टर्की गुरुवारी सणाच्या दिवशी दगडच राहते.

अमेरिकेतली पहिली फूड बँक, म्हणजे गरजूंसाठी अन्न जमवून ठेवणारी संस्था, १९६७ साली ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगल यांनी चर्चच्या मदतीनं काढली. पण मूळ कल्पना त्यांची नव्हे. किराणा दुकानांनी टाकून दिलेल्या मालावर मुलं पोसणाऱ्या एका आईनं त्यांना ती सुचवली होती : पैसे बँकेत ठेवतात आणि लागले की काढतात, तसं अन्नाचं का नसावं? टेबलाच्या पलीकडून आलेलं ते शहाणपण. तुमची पिशवी ओढून नेणाऱ्या बाईंच्या डोक्यात काय होतं, देव जाणे. कदाचित बाहेर गाडी भलत्याच जागी लावलेली असेल.

‘माय सन’ हे उत्तर झकास आहे. मी पहिल्या वर्षी ‘हीटर’ म्हटलं होतं, कारण त्याच आठवड्यात आमचा तीन दिवस बंद होता. खरं सांगायचं तर मला तो गोल फारसा रुचत नाही. आपल्याकडे पंगतीत ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतात, ते मला सोयीचं वाटतं. सगळे एका सुरात म्हणतात, कुणी कुणाच्या डोळ्यांत बघायचं नसतं, आणि अन्नदाता म्हणजे यजमान की शेतकरी की आणखी कुणी, हेही कुणी विचारत नाही. कुणी माझा हात धरून रडू लागलं की मी मनात तेच म्हणते. मग ते आभार माझ्यापाशी अडकून पडत नाहीत.

तेव्हा जरूर जा. टर्कीचं टेबल नको असेल तर आधीच सांगा, शाकाहारी म्हटल्यावर कुणी आग्रह धरत नाही. डब्यांवरच्या तारखा तपासायचं काम मागून घ्या, नाहीतर रांगेत विचारपूस करायचं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. आमच्या रांगेत निम्मे लोक स्पॅनिशच बोलतात. बटाट्यांच्या पिशव्या मात्र दहा पौंडांच्या असतात. त्या सुनेला उचलू द्या.