पर्म करून तीनच आठवडे झाले आणि केसांचे वळण उतरू लागले आहे, काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही राजारामपुरीत राहता, खांद्याखाली येणाऱ्या केसांचा तीन आठवड्यांपूर्वी पर्म करून घेतला, म्हणजे औषधाने ते कुरळे करून घेतले, पहिले आठ-दहा दिवस बटा सुरेख पडल्या आणि आता त्या वळण सोडून नुसत्याच कापसासारख्या पिंजतात, शिवाय रोज तेल लावून विंचरल्याखेरीज हे केस टिकणार नाहीत, असा सासूबाईंचा आग्रह आहे. मी गेल्या नऊ वर्षांत चार वेळा पर्म करून घेतला आहे, त्यांतला एक स्वतःच्या हाताने वाया घालवला आहे आणि राहतेही कोल्हापुरातच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक परीक्षा करून पाहा. कानामागची एक बट पाण्याने पूर्ण भिजवा आणि न ओढता, न विंचरता तशीच सोडून द्या. ओली असताना ती वळून वर चढत असेल, तर पर्म शाबूत आहे आणि चूक केस वाळवण्यात होते आहे. ओली असतानाही ती सरळ लोंबत राहिली, तर पर्म मुळातच नीट बसलेला नाही, आणि मग घरी कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, लवकरात लवकर पार्लरमध्ये जाऊन दाखवावे. ही परीक्षा नेहमीच्या, थंड पद्धतीच्या पर्मसाठी आहे. तुम्ही तापवलेल्या रॉडचा (रॉड म्हणजे केस गुंडाळायची नळी), ज्याला ‘डिजिटल’ म्हणतात तो पर्म केला असेल, तर गोष्ट उलटी असते: ते केस ओले असताना सैल दिसतात आणि बोटाला गुंडाळत वाळवले की वळण धरतात. कोणता पर्म केला हे अनेकींना ठाऊकच नसते, तेव्हा पार्लरमध्ये एक फोन करून विचारून घ्या.

असे का होते, ते समजले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या पक्क्या बंधांनी जोडलेल्या असतात. पर्मच्या पहिल्या औषधाने, बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेटने, त्यांतले बरेच बंध सुटतात, रॉडला गुंडाळलेला केस त्या गोलाईत बसतो, आणि मग न्यूट्रलायझरने, म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोजन पेरॉक्साइडने, ते बंध नव्या जागी पुन्हा जोडले जातात. हे बंध पाण्याने सुटत नाहीत आणि तेलानेही सुटत नाहीत. परंतु केसात दुसरे, दुबळे बंधही असतात, ज्यांना हायड्रोजन बंध म्हणतात. ते केस भिजला की सुटतात आणि वाळताना केस ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत परत जुळतात. म्हणून पर्म केलेला केस रोज कसा दिसणार, हे तो ओल्याचा कोरडा होण्याच्या त्या तास-दीड तासात ठरते. त्या वेळात कंगवा फिरवला, पंच्याने खसाखसा पुसले किंवा केस पाठीवर टाकून ओढणीखाली दाबले, तर आतले पक्के वळण तसेच असूनही वरून केस पिंजलेलाच दिसतो.

माझा वाया गेलेला पर्म असाच गेला. मामेबहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी पर्म करून घेतला आणि दोन दिवस केस भिजवू नका, हे पार्लरमधले सांगणे कानाआड करून हळदीनंतर डोक्यावरून न्हाले. ओल्याच केसांतून आत्याने बारीक दातांची फणी फिरवली, गुंता निघेना म्हणून मुळापासून ओढून विंचरले आणि गजरा माळायला सोपे जावे म्हणून घट्ट वेणी घातली. ती वेणी मी दुसऱ्या रात्री सोडली. कानशिलाजवळच्या चार बटा तेवढ्या कुरळ्या उरल्या होत्या, बाकीच्या केसांना वेणीची नागमोड आली होती. आत्या मात्र खूश होती, कारण तिच्या मते केस आता कुठे ‘माणसात’ आले होते.

धुण्याविषयी. आठवड्यातून दोनदा पुरे. बंबाचे कढत पाणी डोक्यावर घेऊ नये, कोमट घ्यावे. सल्फेट नसलेला शाम्पू फक्त टाळूला चोळावा, केसांच्या लांबीला त्याचा फेस उतरताना लागतो तेवढा पुष्कळ होतो. त्यानंतर कंडिशनर कानाच्या खालच्या केसांना भरपूर लावून, तो केसांत असतानाच बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर येत गुंता काढावा. विंचरायचे ते एवढेच आणि एवढ्याच वेळी. कोरड्या पर्मला कंगवा लावायचा नाही. शिकेकाईची पूड मी स्वतः बंद केली, कारण वळलेल्या केसांत तिचे कण अडकून बसतात आणि ते काढताना केस तुटतात.

पाण्याचे दुखणे आपल्याकडे खरे आहे. अपार्टमेंटमध्ये बोअरचे आणि महानगरपालिकेचे पाणी बहुधा एकाच टाकीत येते, आणि बोअरचे पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसून केस रुक्ष आणि जड होतात. सकाळी चावीला येणारे पाणी दोन बादल्या भरून ठेवून शेवटचे तांबे तरी त्याचेच घ्यावेत. ते जमत नसेल, तर महिन्यातून एकदा क्षार काढणारा, ‘चेलेटिंग’ असे लिहिलेला शाम्पू वापरावा, त्याहून जास्त नाही.

आता वाळवणे, ज्यासाठी हे सगळे लिहिते आहे. मान खाली घालून केस पुढे सोडा आणि जुन्या सुती टी-शर्टने टोकांपासून टाळूकडे मुठीत दाबत पाणी टिपा. पंचा घासू नका. केस अजून थबथबलेले असतानाच त्यांना मूस किंवा जेल लावा. बाजारचे जेल महाग वाटत असेल, तर चटणीसाठी आणलेले जवस कामाला येते: दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मध्यम आचेवर उकळत ठेवावे आणि ढवळत राहावे, सात-आठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे होते, आणि डाव वर उचलला की त्यावरून थेंब न पडता लांब तार लोंबू लागते. त्या क्षणी गॅस बंद करून गरम असतानाच विरळ सुती फडक्यातून गाळावे. मी पहिल्यांदा निवण्याची वाट पाहिली, तेव्हा ते जवसाला असे चिकटले की पिळता पिळता फडके फाटले. फ्रिजमध्ये हे आठवडाभर टिकते, वास बदलला की टाकून द्यावे.

जेल लावल्यावर एकेक बट तिच्या मूळच्या वळणाच्या दिशेने बोटाला गुंडाळून सोडा, तळहातावर घेऊन टाळूकडे दाबा, आणि मग हात लावू नका. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे. घाई असेल तर ड्रायरला डिफ्यूजर, म्हणजे ते दातांचे पसरट तोंड, लावून कमी उष्णतेवर आणि कमी वेगावर वाळवा. केस पूर्ण वाळल्यावर ते जेलमुळे कडक, शेवयांसारखे लागतात. घाबरून लगेच धुऊन टाकू नका. तळहातावर खोबरेल तेलाचे दोन थेंब पसरून त्या बटा मुठीत चुरल्या की कडकपणा जातो आणि वळण राहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केस पुन्हा भिजवण्याची गरज नसते, स्प्रेच्या बाटलीतून पाणी आणि थोडा कंडिशनर फवारून पिंजलेल्या बटाच तेवढ्या बोटाला गुंडाळाव्यात.

तेलाच्या बाबतीत सासूबाईंचे निम्मे बरोबर आहे. खोबरेल तेल केसाच्या आत मुरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, आणि पर्मच्या औषधाने केस आधीच सच्छिद्र झालेला असल्यामुळे त्याला ते हवेच असते; पण ते न्हाण्याच्या तास-दोन तास आधी, तेही लांबीला. रोज चोपडलेल्या तेलाच्या ओझ्याने बट खाली ओढली जाते, आणि ते तेल काढायला दोन-दोनदा शाम्पू लावून चोळावे लागते, त्यात जास्त नुकसान होते. दोघींचा मान राहील असा उपाय म्हणजे न्हाण्याच्या दिवशी सकाळी त्यांच्याच हाताने तेल लावून घ्यावे, फक्त फणी द्यायची नाही.

मोपेडवर जाताना आपण तोंडाला आणि डोक्याला सुती स्कार्फ घट्ट गुंडाळतो, त्याच्या घर्षणाने मागचे केस हमखास पिंजतात. हेल्मेटच्या आत साटीनचा रुमाल बांधावा आणि केस पूर्ण वाळल्याखेरीज घरातून निघू नये. रात्री केस माथ्यावर कापडी बँडने सैल बांधून उशीला साटीनचा अभ्रा घालावा. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणानेच ते दुबळे बंध सुटत राहतात, म्हणून जून ते सप्टेंबर जेल थोडे जास्त लावावे आणि संध्याकाळी न्हाऊ नये, कारण वाळायला वेळ लागतो आणि ओल्या केसांवर झोपलात तर सकाळी एक बाजू सपाट झालेली असते. जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाणार असाल, तर आधी कंडिशनर लावून केस सैल बांधा आणि वरून रुमाल गुंडाळा. परतल्यावर गुलाल कोरडाच झटकून काढा, पाणी त्यानंतर. सच्छिद्र केसांवर भिजलेला गुलाल बसला की पाच-सहा न्हाणी तरी गुलाबी छटा जात नाही.

काळी मेंदी मात्र टाळाच. त्यांतल्या काहींमध्ये धातूंचे क्षार असतात आणि पुढच्या पर्मच्या वेळी पेरॉक्साइडशी त्यांचा संबंध आला की केस तापून जळू शकतो. आधी लावलेली असेल, तर पार्लरमध्ये लपवू नका. मुळांकडून येणारा नवा केस, महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर, सरळच येणार, त्यावर उपाय नाही. दर दोन-अडीच महिन्यांनी टोके कापून घ्या. तुमच्या परीक्षेत बट वर चढली, तर किमान चार महिने पुन्हा पर्मचा विचार करू नका, आणि करायचा झाला तर फक्त नव्याने वाढलेल्या केसांचाच करा असे स्पष्ट सांगा. त्याआधी एक ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणून पाहा: तो ताणला जाऊन परत आखडला तर ठीक, च्युइंगमसारखा लांबत गेला आणि तसाच राहिला, तर पार्लरची वेळ रद्द करा.