बिजागऱ्यांवरचा जुना रंग

सँडपेपर आधी खाली ठेव. वाड्यातल्या दाराच्या कड्या-बिजागऱ्यांवरचा जुना रंग घासून काढायचा म्हणतोयस, म्हणजे रंगाचे चार-पाच थर असणार आणि खालच्या थरांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासलास तर ती धूळ थेट छातीत जाते. घरात लहान मूल असेल तर फारच जपून.

मी काय करतो सांगतो. एक भंगारातलं स्टीलचं पातेलं घ्यायचं (पुन्हा त्यात चहासुद्धा करायचा नाही), लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे खायचा सोडा घालायचा, त्यात कड्या-बिजागऱ्या बुडवायच्या आणि गॅलरीत हॉटप्लेटवर मंद आचेवर तासभर ठेवायचं. खळखळ उकळी नको. तापल्यावर धातू आणि रंग सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पकड सुटते. मग हातमोजे घालून, चिमट्याने एकेक नग काढायचा आणि गरम असतानाच नायलॉनच्या ब्रशने घासायचा. गार झाला की रंग पुन्हा चिकटून बसतो. निघालेली सालं पिशवीत बांधून ठेव, बेसिनमध्ये सोडू नकोस.

ॲल्युमिनियमची कडी मात्र यात टाकू नकोस, काळी पडते. लोखंड लगेच पुसून तेलाचा हात फिरव, नाहीतर तासाभरात तांबूस होतं. पितळ आहे का, हे लोहचुंबकाने बघ. चिकटला तर आत लोखंड, वर नुसता मुलामा, तिथे जोर लावायचा नाही. अस्सल पितळ निघालं तर चिंच आहेच.

स्क्रू मोडलेच तर पुण्यातल्या बोहरी आळीत जुना नमुना घेऊन जा.